घरी शिकणाऱ्या मुलांचे विज्ञान



दिवाळीची सुट्टी संपली की आपल्याकडे तालुक्यातालुक्यांतून विज्ञान-प्रदर्शने भरू लागतात. त्यांच्याविषयी मी आज, ऐन उन्हाळ्यात, बोलणार आहे. आपण म्हणाल, एवढी घाई कशाला? शेतकऱ्याला याचे कारण सांगावे लागत नाही. सुगी दिवाळीच्या सुमारास असली तरी पेरणी मृगातच उरकावी लागते. मुलाच्या हातून खरा प्रयोग व्हायचा असेल, तर त्याचीही पेरणी आत्ताच व्हायला हवी.

आणि आज बोलायचे आहे ते शाळेच्या पटावर नसलेल्या, घरी शिकणाऱ्या मुलांविषयी. अशी मुले म्हटली की शहरातली, आपल्या विचाराने मुलांना शाळेत न घालणारी काही कुटुंबे डोळ्यांपुढे येतात. तीही आहेतच. पण जरा आपल्या गावाकडे बघा. दुखण्यामुळे वर्ष-दीड वर्ष घरात अडकलेले मूल असते. पायाने अधू असल्यामुळे ओढ्यापलीकडच्या शाळेत जाऊ न शकणारे असते. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेले किंवा मेंढरांमागे रानोमाळ हिंडणारे असते. कोणी १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय या नावाने स्थापन झालेल्या संस्थेमार्फत परीक्षेला बसण्यासाठी घरीच अभ्यास करीत असते. या मुलांना शिकवायला कोणी मोठी बहीण असते, कोणी आजोबा असतात, कोठे संध्याकाळी सवड काढून येणारे गुरुजी असतात. आजचे माझे बोलणे या मंडळींसाठी आहे.

प्रथम प्रदर्शनात काय दिसते ते पाहू. मंडपात शिरले की थर्मोकोलचा ज्वालामुखी असतो. त्याच्या तोंडात खायचा सोडा आणि लिंबाचा रस घातला की फेस उसळतो. पलीकडे जलविद्युत केंद्राची प्रतिकृती असते, तिच्यात लाल-हिरवे दिवे लागतात. मूल घडाघडा पाठ म्हणून दाखवते. परीक्षकाने मध्येच थांबवून विचारले, “बाळ, सोड्याऐवजी मीठ घातले तर काय होईल?” की मूल वडिलांकडे पाहू लागते. कारण थर्मोकोल वडिलांनी कापलेले, तारा काकांनी जोडलेल्या आणि भाषण मास्तरांनी लिहिलेले. मुलाचे त्यात काय? उभे राहणे तेवढे त्याचे.

वडीलधाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याविषयी मला शंका नाही. आपल्या मुलाचे काम इतरांपेक्षा उणे दिसू नये, एवढेच त्यांना वाटत असते. पण या मदतीतून मूल एक गोष्ट न सांगता शिकते: ‘माझ्या हाताने केलेले चारचौघांत मांडण्याजोगे नसते.’ घरी शिकणारे मूल आधीच चार मुलांत मिसळायला बुजत असते. त्याच्या मनात ही गोष्ट फार खोल जाते.

मग घरी शिकणाऱ्या मुलाने करावे तरी काय? त्याच्याजवळ प्रयोगशाळा नाही, काचेची भांडी नाहीत, विज्ञानाचे शिक्षक नाहीत. हे सगळे खरे. पण शाळेतल्या मुलाजवळ नसलेली एक गोष्ट त्याच्याजवळ भरपूर आहे. ती म्हणजे वेळ. शाळेत तास संपल्याची घंटा झाली की प्रयोग संपतो. घरच्या मुलाला एकच गोष्ट चार महिने, रोज, पाहता येते. आणि विज्ञानातले पुष्कळसे काम अशा रोजच्या पाहण्यातूनच झालेले आहे.

याचे एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत व्हरमाँट नावाचे एक थंड, डोंगराळ राज्य आहे. तिथल्या जेरिको गावी एका शेतकऱ्याच्या घरी १८६५ साली विल्सन बेंटली हा मुलगा जन्मला. त्याची आई पूर्वी शिक्षिका होती. चौदा वर्षांचा होईपर्यंत तिने त्याला घरीच शिकवले. शिकवण्यासाठी तिच्याजवळ एक जुने सूक्ष्मदर्शक यंत्र होते, ते तिने मुलाच्या हाती दिले. बाहेर बर्फ पडतच होते. मुलगा हिमाचे कण त्या यंत्राखाली धरून पाहू लागला. पुढे वडिलांनी, काहीशा नाखुशीने, त्याला कॅमेरा घेऊन दिला आणि १८८५ साली त्याने हिमकणाचे छायाचित्र टिपले. हे काम त्याने जन्मभर केले, पाच हजारांवर छायाचित्रे घेतली, आणि पोटासाठी शेवटपर्यंत शेतीच केली. १९३१ साली तो वारला.

आपल्याकडे बर्फ पडत नाही. पण याच बेंटलीने दुसरेही एक काम केले, ते मात्र आपल्या अगदी ओसरीवरचे आहे. पावसाचा थेंब केवढा असतो, हे त्याने मोजले. कशाने? पिठाने! एका पसरट भांड्यात चाळलेले पीठ इंचभर जाडीचे पसरायचे. ते काही सेकंद पावसात धरायचे आणि लगेच आत घ्यायचे. जिथे थेंब पडला तिथे पिठाची एक इवलीशी गोळी बनते. ती वाळली की उचलून मोजता येते. १८९८ ते १९०४ या वर्षांत त्याने अशा शेकडो नोंदी केल्या आणि १९०४ साली त्या प्रसिद्ध झाल्या. त्याला आढळलेला मोठ्यात मोठा थेंब पाव इंचाच्या, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटरच्या, आसपास होता. पुढच्या काळात अधिक चांगली साधने आली, तरी त्याचे हे माप खोटे ठरले नाही. थेंब त्याहून फार मोठा होऊ लागला की पडता पडता हवेतच फुटतो.

आता हाच प्रयोग आपल्या घरी कसा होईल ते पाहू. मुलाला काम कसे द्यावे आणि आपण कुठे थांबावे, हे यातून नीट दिसेल.

सुरुवात प्रश्नापासून करायची, आणि प्रश्न मुलाच्या तोंडून येईपर्यंत धीर धरायचा. ‘पाऊस’ हा प्रश्न नव्हे, तो विषय झाला. ‘वळवाचे थेंब मोठे की आषाढातल्या झडीचे?’ हा प्रश्न झाला, कारण त्याचे उत्तर मोजून देता येते. असा प्रश्न निघाला की वहीच्या पहिल्या पानावर मुलाच्याच अक्षरात लिहून ठेवावा. त्याखाली मुलाला आपला अंदाजही लिहू द्यावा. अंदाज चुकला तरी तो पुढे खोडायचा नाही, हे आधीच ठरवून टाकावे.

मग सामान. एक कड असलेली ताटली, गव्हाचे पीठ, बारीक चाळण, मोजपट्टी, आणि झाकायला दुसरे ताट. एवढेच. दर वेळी तेच पीठ, तीच चाळण, पिठाची तेवढीच जाडी आणि पावसात धरण्याचा तेवढाच वेळ, समजा मोठ्याने पाच अंक म्हणेपर्यंत. हे काटेकोर का ठेवायचे, ते मुलाला समजावून सांगावे. पाऊस तर आपल्या हातात नाही, तो बदलणारच. बाकीचे सगळे तसेच ठेवले, तरच गोळ्यांतला फरक पावसामुळे पडला असे म्हणता येईल. सुगरण दोन तऱ्हेचे तांदूळ पारखते तेव्हा पाणी आणि जाळ सारखाच ठेवते की नाही? तसेच हे.

एक गंमत लक्षात ठेवा. ताटली पागोळ्यांखाली धरायची नाही. कौलांवरून ओघळलेला थेंब हा पावसाचा थेंब नव्हे. झाडाखालचाही नव्हे. ही गोष्ट मुलाला आधी सांगू नका. पहिल्या दिवशी त्याच्या ताटलीत सगळ्या गोळ्या मोठ्या आणि सारख्या येतील, आणि त्याचे कारण त्याने स्वतः शोधले तर ते त्याला जन्मभर पुरेल.

दुसरी एक गोष्ट मात्र आधीच बजावून सांगायची. वळवाच्या पावसात विजा असतात. गडगडाट ऐकू येत असेपर्यंत ताटली घेऊन अंगणात जायचे नाही. त्या दिवसाची नोंद राहिली तर राहिली. वहीत ‘विजांमुळे मोजले नाही’ असे लिहावे. तीही नोंदच आहे.

गोळ्या वाळल्या की चाळणीने पीठ वेगळे करावे. मग आपल्या स्वयंपाकघरातल्याच दोन-तीन चाळण्यांनी, पिठाच्या, रव्याच्या आणि धान्याच्या, त्यांची लहान-मोठी प्रतवारी लावावी. प्रत्येक प्रतीतल्या दहा गोळ्या मोजपट्टीच्या कडेला एकीला एक लावून मांडाव्यात. दहा गोळ्यांची रांग ३२ मिलिमीटर भरली, तर एक गोळी सरासरी ३.२ मिलिमीटरची. सरासरीचे गणित मुलाला याहून चांगले कुठे शिकायला मिळणार? अगदी बारीक भुरभुरीचे थेंब, अर्ध्या मिलिमीटरच्या आतले, पिठात सापडणार नाहीत. ही आपल्या पद्धतीची मर्यादा आहे आणि तीही मुलाने वहीत लिहावी.

इथे एखादा चौकस मुलगा विचारील, ‘गोळी थेंबाएवढीच असते कशावरून?’ शाबास! हा प्रश्न विचारणाऱ्याला आपण सांगून गप्प करू नये, त्याला ताडून पाहू द्यावे. बेंटलीनेही आधी मापलेले थेंब उंचावरून पिठात पाडून हे ताडून पाहिले होते. डोळ्यात औषध घालायची रिकामी, स्वच्छ बाटली घ्या. औषधाच्या मापात १ मिलिलिटर पाणी भरायला किती थेंब लागतात ते मोजा. वीस थेंब लागले, तर एका थेंबाचा व्यास सुमारे साडेचार मिलिमीटर येतो. हे गणित गुरुजींनी करून दाखवावे. मग तेच थेंब माळ्यावरून खालच्या पिठात पाडून गोळ्या मोजाव्यात. फरक पडला तर किती पडतो, ते कळेल आणि पुढच्या मापांत तेवढी दुरुस्ती करता येईल.

शिक्षकबंधूंसाठी थोडी माहिती. सर्वसाधारणपणे गडगडाटी ढगांचे थेंब मोठे आणि झडीचे बारीक असतात. अशा ढगात हवा जोराने वर चढत असते. ती लहान थेंबांना खाली येऊ देत नाही, ते वरच वाढत राहतात. शिवाय वरच्या गारा वितळूनही मोठे थेंब होतात. दुप्पट व्यासाच्या थेंबात पाणी दुप्पट नसते, आठपट असते. तो खाली येतोही अधिक वेगाने, म्हणून उघड्या जमिनीवर आदळला की ढेकूळ फोडतो आणि माती उडवतो. शेतात पालापाचोळ्याचे आच्छादन का घालावे, याचे एक उत्तर मुलाच्या त्या ताटलीत आहे. पण हे सगळे मुलाच्या नोंदी होऊन गेल्यावर सांगायचे. आधी उत्तर सांगितले, तर मूल पाऊस मोजायचे सोडून आपले उत्तर खरे करून दाखवू लागते.

तेव्हा मदत म्हणून मोठ्यांनी करायचे तरी काय? आईवडिलांना अक्षरओळख नसली तरी हरकत नाही. त्यांनी रोज एकदा विचारावे, “आज काय दिसलं?” आणि मूल सांगेल ते पुरते ऐकून घ्यावे. पाऊस रात्री आला तर मुलाला उठवावे. थोडे पीठ वाया जाईल, त्यावरून रागावू नये. सांडले-लवंडले तर मुलाकडूनच आवरून घ्यावे. शिकवणाऱ्याने आठवड्यातून एकदा वही पाहावी. अक्षर सुधारत बसू नये. तारीख, वेळ, माप एवढे आहे की नाही ते पाहावे आणि जिथे मुलाने ‘खूप मोठे’ असे लिहिले असेल, तिथे ‘म्हणजे किती?’ एवढेच विचारावे. कापणे, चिकटवणे, लिहिणे आणि बोलणे ही चारही कामे मुलाची. धारदार, तापलेल्या किंवा विजेच्या वस्तूंशी गाठ असेल, तिथे मात्र मोठ्यांनी जवळ उभे राहावे.

एका तालुक्याच्या प्रदर्शनात मी परीक्षक म्हणून गेलो होतो. मंडपाबाहेर, वऱ्हांड्यात, एक बारा-तेरा वर्षांची मुलगी आजीबरोबर बसली होती. पायाच्या शस्त्रक्रियेमुळे तिची शाळा सुटलेली होती आणि ती घरीच शिकत होती. कोणत्याही शाळेच्या यादीत नाव नाही, म्हणून तिला आत टेबल मिळाले नव्हते. तिच्या पुढ्यात नऊ काड्यापेट्या मांडलेल्या होत्या. त्यांवर नक्षत्रांची नावे लिहिली होती, मृगापासून हस्तापर्यंत. प्रत्येक पेटीत त्या नक्षत्रातल्या पावसाच्या पिठाच्या गोळ्या. मघाची पेटी मात्र रिकामी.

मी विचारले, “ही रिकामी का ग?”

ती म्हणाली, “आमच्याकडं मघा कोरडी गेली. पण पेटी ठेवायलाच पाहिजे ना?”

मग तिने आपणहून सांगितले, “आजी म्हणते, हस्ताचे थेंब सगळ्यांत मोठे. माझ्या पेटीत तसं आलं नाही. पण हस्तात मला दोनच दिवस मोजता आलं. म्हणून आजीचं चूक असं मी म्हणत नाही. पुढच्या वर्षी बघणार आहे.”

आजी शेजारी बसून हे ऐकत होती आणि तिला नातीचा मुळीच राग आला नव्हता.

श्रोतेहो, पदवीच्या वर्गात मी बरीच वर्षे शिकवतो आहे. ‘दोन नोंदींवरून निर्णय देता येत नाही’ हे वाक्य माझ्या विद्यार्थ्यांच्या तोंडून मी क्वचित ऐकले आहे. त्या दिवशी क्रमांक आतल्या टेबलांना मिळाले. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. मुलीने आपल्या पेट्या पिशवीत भरल्या आणि आजीच्या खांद्याला धरून ती एसटीच्या थांब्याकडे गेली.

म्हणून मुख्याध्यापकांना आणि प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. मंडपात एक टेबल शाळेबाहेरच्या मुलांसाठी राखून ठेवा. क्रमांक देणे नियमात बसत नसेल तर नका देऊ. पण टेबल द्या, आणि परीक्षकांना तिथे थांबायला सांगा. १९९३ साली राष्ट्रीय बालविज्ञान काँग्रेस सुरू झाली, तिने १० ते १७ वर्षांच्या, शाळेतल्या आणि शाळेबाहेरच्याही, मुलांसाठी दार उघडे ठेवले. गावच्या परिसरातला प्रश्न घेऊन मुलांनी स्वतः शोध घ्यावा, हीच तिथली अपेक्षा. देशपातळीवर जे चालते ते तालुक्याला चालायला अडचण नसावी. घरी शिकवणाऱ्यांनीही वाट पाहत बसू नये. पाऊस सुरू व्हायच्या आधीच जवळच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटावे, मुलाची वही दाखवावी आणि ‘याला तुमच्या मुलांबरोबर मांडू द्याल का?’ असे विचारावे. पुष्कळदा नुसते विचारले नाही म्हणूनच काम अडते.

मांडणीविषयी दोन शब्द. तक्ता एकच असावा: वर प्रश्न, मग कसे मोजले, मग काय आढळले, आणि शेवटी काय कळले नाही. मूळ वही टेबलावर ठेवावी, डाग पडलेली असली तरी. सुवाच्य नक्कल करून ठेवू नये. मुलाने आपल्या बोलीत बोलावे. त्याचे ‘व्हतं’ आणि ‘न्हाई’ दुरुस्त करण्याच्या भरात त्याच्या मनातला विचार तुटतो. भाषण पाठ करून घेण्याऐवजी आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून त्यांना प्रश्न विचारायला लावावेत. आणि ‘हे मला ठाऊक नाही, मी ते मोजलं नाही’ असे म्हणण्यात कमीपणा नाही, हे मुलाला सांगून ठेवावे.

पावसाचाच प्रयोग करावा असे नाही. ज्यांच्या गावी पाणी कमी, त्यांनी माठ घ्यावेत. एक कोरा आणि तेवढाच दुसरा बाहेरून तैलरंग दिलेला. कोणत्यात पाणी जास्त गार होते, आणि रोज किती पाणी घटते? ताप पाहायचा थर्मामीटर इथे चालत नाही, त्याचे आकडे ३५ अंशांच्या वरचेच असतात. प्रयोगशाळेतला साधा थर्मामीटर शाळेतून मागून आणावा. हाच प्रयोग एकाच आठवड्यात कोकणातल्या मावशीकडे आणि मराठवाड्यातल्या मामाकडे झाला, तर दमट हवेत माठ का हरतो तेही कळेल.

जे मूल बिऱ्हाडाबरोबर हिंडते, त्याच्यासाठी सरळ काठी आणि सावली आहे. काठी उभी रोवून तिची सर्वांत आखूड सावली किती वाजता पडते ते पाहावे. पुण्याच्या बाजूला मेच्या मध्यावर ती बाराला पडत नाही, सुमारे साडेबाराला पडते. कारण आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत. त्याच सुमारास एक दिवस असा येतो की दुपारी काठीला सावलीच राहत नाही. कोल्हापूरकडे तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्याकडे मध्याच्या सुमारास, नागपूरकडे शेवटच्या आठवड्यात. बिऱ्हाड बदलले की दिवस बदलतो. शाळेत एका जागी बसलेल्या मुलाला हे पुस्तकात वाचावे लागते. हिंडणाऱ्या मुलाला ते स्वतः मोजता येईल.

मृग लागायला अजून थोडे दिवस आहेत. तेवढ्यात एक वही आणून तिला सुतळीने पेन्सिल बांधून ठेवा, आणि एक चाळण स्वयंपाकघरातून मागून घ्या. पहिल्या पानावरचा प्रश्न मात्र मुलालाच लिहू द्या.